वेल्ह्याला मोजणी आहे

उत्रोलीच्या शिवारात, भात निघून गेलेल्या खाचरात उभा राहून सौमित्र हद्दीची खूण करत होता. खूण करायची म्हणजे पांढऱ्या फक्कीची मूठ भरायची, कोपऱ्यावर चिमूटभर टाकायची आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघायचं. भोरच्या भूमी अभिलेख कार्यालयात तो अठरा वर्षं हेच करत आला होता आणि त्याच्याइतका नेमका हात दुसऱ्या कुणाचा नाही, असं त्याचे वरिष्ठसुद्धा म्हणत. वरिष्ठ सहसा कुणाला काही चांगलं म्हणत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. त्या दिवशी मात्र उघडलेली मूठ मिटलीच नाही. भुकटी बोटांतून सावकाश गळत राहिली, पायाशी ढीग झाला, मग त्याने वाकून पिशवीतून आणखी एक मूठ घेतली आणि तीही तिथेच सोडली. जमिनीचे मालक असलेले दोघे भाऊ आपापल्या बाजूला गप्प उभे होते, कारण मोजणी चालू असताना साहेबांना बोलून चुकवायचं नसतं. शेवटी धाकट्याला राहवेना. "साहेब, येवडी मोटी खूण कशापायी?" सौमित्रने खाली पाहिलं. गट नंबर त्याला ठाऊक होता, दोघा भावांची नावं ठाऊक होती, समोरच्या आंब्यापर्यंतचं अंतरही ठाऊक होतं. फक्त पुढचं पाऊल का टाकायचं, तेवढं काही केल्या आठवेना. "वारं आहे," तो म्हणाला. वारं अजिबात नव्हतं. पण मोजणीवाल्याने सांगितलं म्हटल्यावर दोघांनी माना डोलावल्या.

तो ढीग त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. बाकी सगळं त्याने आजवर कुठे ना कुठे खपवलं होतं. जेवणाची चव गेली तेव्हा पित्त झालं असं ठरलं, आणि भोरात पित्त झालं म्हटलं की दहा जण दहा उपाय सांगतात. त्यातले सहा त्याने केले. मुलगी शाळेतली गंमत सांगायला लागली की तिचे ओठ हललेले दिसायचे, आणि हसायची वेळ झाली की तो अदमासाने हसायचा. एकदा चुकीच्या जागी हसला तेव्हा ती पोर गप्प झाली आणि उठून आत गेली. अंघोळीला जायचं म्हणजे उठायचं, टॉवेल घ्यायचा, बादली लावायची. ह्यातली एकेक गोष्ट त्याला घाट चढण्याइतकी लांब वाटायची. आणि घाटाचंही एक होतं. हिर्डस मावळात कामाला जाताना वरंधच्या अलीकडच्या एका वळणावर त्याच्या मनात यायचं की इथे हँडल वळवलंच नाही तर. पहिल्यांदा आलं तेव्हा तो घाबरला, गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायला. पुढे पुढे भीती वाटेनाशी झाली. तो विचार सोपा वाटायला लागला, सगळ्या दिवसभरातली तेवढीच एक सोपी गोष्ट. त्या ढिगाकडे पाहताना त्याला कळलं की आपण फार पुढे आलो आहोत.

त्याला सगळ्यात लाज वाटायची ती ह्याची की कारण काहीच नव्हतं. मोजणी सुरू करायला एक पक्की खूण लागते, जुना दगड, विहिरीचा काठ, काहीतरी न हललेलं. तिथून धरत गेलं की सगळी जमीन उलगडते. आपल्या ह्या दुखण्याची पहिली खूण तो वर्षभर शोधत होता. वडील गेले त्याला सहा वर्षं झाली होती, आणि ते समाधानाने गेले होते. नूतनशी कधी मोठं भांडण नाही. घर आहे, नोकरी आहे, गुडघे धड आहेत. कागदावर पाहिलं तर त्याच्यासारखा सुखी माणूस आख्ख्या आळीत नव्हता. मग हे आलं कुठून? जन्मभर त्याने लोकांना कागद दाखवून गप्प केलं होतं, आता स्वतःचा कागद पाहून तो स्वतः गप्प झाला होता. नूतन विचारायची, "काही झालंय का?" तो म्हणायचा, "काही नाही." आणि ते खरंच होतं, काहीच झालेलं नव्हतं. हळूहळू तिने विचारणं कमी केलं. त्याला वाटलं, बरं झालं.

एकदा तो पुण्याला जाऊन आला होता. स्वारगेटजवळच्या एका इमारतीवर मानसोपचारतज्ज्ञांची पाटी होती, अक्षरं एवढी मोठी की पलीकडच्या पुलावरूनही वाचता यावीत. तो जिन्यापर्यंत गेला, एवढ्यात रस्त्यापलीकडे कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचा मेहुणा दिसला. मेहुण्याचं लक्षही नव्हतं, तो बिचारा उसाचा रस पीत होता. पण सौमित्र शेजारच्या दुकानात शिरला, अर्धा डझन हातरुमाल घेतले आणि पुढच्या एसटीने परत आला. नूतन म्हणाली, "रुमालांसाठी पुण्याला?" त्यावर दोघंही हसले नाहीत, आणि हसायला हवं होतं हे दोघांनाही कळलं. मग ऑक्टोबरात काही नकाशे पोचवायला तो वेल्ह्याला गेला असताना चावडीच्या फळ्यावर, मोजणीच्या एका नोटिशीखाली अर्धवट झाकलेला कागद त्याला दिसला. मनावर ओझं असेल तर येऊन बोला, दर गुरुवारी सकाळी दहा ते एक, डेअरीच्या जुन्या इमारतीत, वरचा मजला, फी नाही, समुपदेशक शिवानी, आणि एक फोन नंबर. नोटीस त्याच्याच खात्याची होती. चिकटवणाऱ्याने ती बरोबर फोन नंबरावर डकवली होती. सौमित्रने आजूबाजूला पाहिलं, नखाने नोटिशीचा कोपरा उचलला आणि नोटिशीचाच फोटो घेतोय असं दाखवत खालच्या कागदाचा फोटो काढला. तो फोटो त्याच्या मोबाईलमध्ये तीन आठवडे राहिला. उत्रोलीच्या दुसऱ्या दिवशी त्याने रजेचा अर्ज टाकला.

भोरात कुणाकडे जायची सोय नव्हती. चौपाटीच्या चौकातल्या चहावाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळे ओळखीचे. इकडे जिना चढावा आणि तिकडे घरी पोचेपर्यंत चार जणांनी तब्येतीची चौकशी करावी. वेल्ह्यात आपल्याला कोण ओळखतं, असा त्याचा हिशेब. एवढा नेमका माणूस, पण हा हिशेब साफ चुकला. कारण दोन वर्षांपूर्वी पाच महिने तो वेल्ह्यातच कामगिरीवर होता आणि त्याने तिथल्या निम्म्या लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. माणूस डॉक्टरचा चेहरा विसरतो, मास्तरांचा विसरतो. आपला बांध कुठे ते ज्याने ठरवलं त्याचा चेहरा कुणी विसरत नाही. हे त्याच्या खात्यातला शिपाईसुद्धा त्याला सांगू शकला असता. गुरुवारी सकाळी "वेल्ह्याला मोजणी आहे" असं नूतनला सांगून तो निघाला, आणि खरं वाटावं म्हणून मोजणीची बॅग खांद्याला लावली. बॅगेतून टेपचं पिवळं टोक बाहेर आलं होतं. नूतन दारात उभी होती. नसरापूर फाट्यावर एसटी सोडून तो जीपमध्ये बसला. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, पेंढ्याच्या गंजी, कुठे कुठे वालाची हिरवी रेघ. विंझरच्या पुढे तोरणा दिसायला लागला तसं त्याला परत फिरावंसं वाटलं, पण चालत्या जीपमधल्या अकरा माणसांच्या मधून उतरायचं कसं, ह्या एका अडचणीमुळे तो पुढे गेला. आज मागे वळून पाहताना त्या गर्दीचेही त्याला आभार मानावेसे वाटतात.

वरच्या मजल्यावर एक लांब बाक, एक टेबल, टेबलाशी वही घेऊन बसलेली मुलगी. तिने नाव विचारलं. सौमित्र म्हणाला, "नारायण." वडिलांचं नाव तोंडाला येईल असं त्याने ठरवलं नव्हतं. तिसरा नंबर मिळाला. तो बाकाच्या टोकाला बसला, बॅग पायांमध्ये धरली आणि जमिनीकडे पाहत राहिला. आत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त एक माणूस बोलतोय आणि दुसरं ऐकतंय एवढं कळत होतं. दहा मिनिटांनी शेजारची म्हातारी वळली. हिरवं लुगडं, कपाळावर आठ्या, मांडीवर औषधाची पिशवी. तिने आधी टेपचं पिवळं टोक पाहिलं, मग त्याचा चेहरा पाहिला.

"तुमी मोजणीचं साहेब न्हवं?"

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या.

"हो," तो म्हणाला.

"म्या वळखलंच! अंबूबाई म्या. आमचं मोजाया तुमीच आलता. मग हितं कशापायी?"

आता खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. "मोजणीलाच आलोय," तो म्हणाला. "इथे जरा... कागद द्यायचाय."

मग काय विचारता. दीर कोंडिबा दर साली नांगराची एक रेघ तिच्या बांधात घालतो, खुणेचा दगड त्याने उपटून गोठ्याला लावला, मोजणीला दोन वर्षं होतात तोच बांध हातभर सरकला, असं सगळं ती सांगत राहिली. सौमित्र मान डोलवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आपोआप साहेब आला होता, कपाळ किंचित आक्रसलेलं, ओठ मिटलेले. तो चेहरा त्याला पाठ होता आणि त्यामागे कुणीही नसलं तरी चालत होतं. "नारायण," टेबलाशी बसलेल्या मुलीने पुकारलं. तो हलला नाही. "नारायण कोण आहेत? तीन नंबर?" अंबूबाईने इकडे तिकडे पाहिलं. "कोन हाय बाबा नारायण, जा की! बाई खोळंबल्यात." सौमित्रनेही इकडे तिकडे पाहिलं. स्वतःला शोधायचं नाटक करताना त्याला इतकं एकटं वाटलं की तसं घाटाच्या वळणावरही कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा पुकारून मुलीने नाव खोडलं आणि चौथ्याला आत सोडलं.

"चला," अंबूबाई उठली. "हितंच हाय, वड्याच्या अल्याड. डोळ्यानं बगा आन काय त्ये सांगा."

तो तिच्यामागे जिना उतरला. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की आपण पुन्हा ह्या जिन्यावर यायचो नाही. पुढचा गुरुवार असा नव्हताच; पुढच्या आठवड्यात हिर्डस मावळात तीन दिवसांचं काम होतं आणि मध्ये ते वळण होतं. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं. तरी पाय शेताकडेच चालले होते.

खाचर लहानसं होतं. त्याने सवयीने टेपचं टोक अंबूबाईच्या हातात दिलं, ती विहिरीच्या काठाशी ऐटीत उभी राहिली आणि तो फीत सोडत बांधापर्यंत गेला. वाकला. आकडा पाहिला. आकडा दिसत होता, पण वाचता येत नव्हता. काळ्या रेघा नुसत्याच एकापुढे एक. त्याने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. मग गुडघे टेकले आणि तसाच बांधावर बसला. "किती आलं?" पलीकडून अंबूबाई ओरडली. "आवो साहेब, किती आलं?" टेप हातातून न सोडता, गुंडाळत गुंडाळत ती त्याच्यापर्यंत आली. त्याचा चेहरा पाहून ती एकदम थांबली.

"बाई," तो म्हणाला, "मी मोजणीला नाही आलो."

"मंग?"

"नारायण म्हणजे मीच. खोटं नाव दिलं होतं. मला... मला वर्षभर कशातच काही वाटत नाही. जगावंसं वाटत नाही. मी त्या मॅडमकडे आलो होतो."

इतकं साधं वाक्य. ते बाहेर पडल्यावर त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. अंबूबाई भडकली.

"मग ह्यो टेप कशाला धराया लावला मला? आं? माजा लंबर पाचवा व्हता! आट गुरवार झालं म्या येतीया, एक चुकवला न्हाई. तुमच्यापायी आज चुकला असता!"

"तुम्ही पण?"

"मग काय तितं डेअरीत दूद घालाया बसले व्हते का? सा म्हैनं चुलीपुढं बसून व्हते म्या. चूल न पेटवता. दवाखान्याच्या आशाताईनं धरून आनलं, तवा कुटं." तिने टेप त्याच्या बॅगेत कोंबला. "बाई म्हनत्यात बोला, मनातलं बोला. म्या आपली आट गुरवार त्या कोंडिबालाच शिव्या देतीया. त्या ऐकत्यात. वर आनि लिवून बी घेत्यात!" तिला हसू आलं. मग तिने त्याच्या दंडाला धरलं, बैल उठवावा तसं. "उटा. एक वाजाया अजून येळ हाय. पटापटा चला."

आणि तो चालला. पुढे कितीदा तरी त्याने स्वतःला विचारलं की त्या बांधावरून आपल्याला नक्की कुणी उठवलं. सहानुभूतीने तो उठला नसता, सहानुभूतीपुढे त्याने साहेबाचा चेहरा केला असता. तिच्या रागापुढे तो चेहरा करायला त्याला वेळच मिळाला नाही. बाई चिडली होती, कारण तिचा नंबर जायची वेळ आली होती, आणि तिच्या लेखी तो नंबर चुकवण्यासारखी गोष्ट नव्हती. औषध चुकवू नये, पाणी चुकवू नये, तसा. वर्षभर लपवलेली गोष्ट तिने पाच मिनिटांत रोजच्या कामांच्या रांगेत नेऊन बसवली. ह्या उपकाराला काय म्हणावं हे त्याला आजही कळलेलं नाही.

जिना चढून गेल्यावर अंबूबाई टेबलाशी उभी राहिली. "ह्यांचं नाव नारायण न्हाई. साहेब, नाव सांगा तुमचं." त्याने सांगितलं, आडनावासकट. मुलीने ते जुन्या खोडलेल्या नावापुढे लिहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आता एकालाच वेळ होता. सौमित्र मागे सरकला, पण अंबूबाईने त्याला दाराकडे लोटलं. "माजं आज बांदावर झालं बोलून. जावा."

शिवानी मॅडम त्याच्याहून दहा वर्षांनी तरी लहान असाव्यात. टेबलावर पाण्याची बाटली होती, खिडकीबाहेर कुणाची तरी वाळत घातलेली चादर. "कधीपासून होतंय असं?" त्यांनी विचारलं. हाच तो प्रश्न. पहिली खूण. त्याने तोंड उघडलं, वडिलांपासून धरावं की गेल्या पावसाळ्यापासून, की त्याच्याही आधीपासून. "माहीत नाही," तो म्हणाला, "कारणच सापडत नाही. सगळं चांगलं आहे हो माझं."

"नसेना का माहीत," त्या म्हणाल्या. "कारण सापडायच्या आधीही बरं व्हायला सुरुवात करता येते."

तो रडला. बराच वेळ रडला, आवाज करून, आणि त्या पाण्याची बाटली पुढे सरकवून नुसत्या बसून राहिल्या. मग त्यांचा प्रश्न त्या वळणापाशीच येऊन थांबला. त्याने घाट म्हटलाही नव्हता, पण जीव द्यावासा वाटतो का हे त्यांनी सरळ विचारलं, त्यानेही सरळ सांगितलं. एक केव्हाच वाजून गेला होता. ह्याला आजार म्हणतात, ह्यावर औषधं आहेत, ती देणाऱ्या डॉक्टरांची वेळ मी आजच घेते, घाटातलं काम तूर्त दुसऱ्याला द्यायला लावा, आणि पुढच्या गुरुवारी अकराची वेळ तुमची. असं त्या एकेक सांगत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "घरी कुणाला माहितेय?"

"नाही."

"आज सांगाल? इथून निघायच्या आधी?"

स्टँडजवळ जीप भरत होती. सौमित्रने भिंतीच्या कडेला उभं राहून फोन लावला. अंबूबाई दोन पावलांवर होती, ऐकू येऊ नये इतकी लांब जाण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता. "नूतन," तो म्हणाला, "मी मोजणीला नव्हतो आलो." आणि मग सगळं सांगितलं, फक्कीचा ढीग, हातरुमाल, वळण. त्याला वाटलं रेंज गेली.

"ऐकतेस ना?"

"मला वाटत होतं, तुम्हाला माझाच वीट आलाय," नूतन म्हणाली. "वर्षभर मी तेच धरून बसले होते." तिचा आवाज फाटला. "या तुम्ही. लवकर या. आणि पुढच्या गुरुवारी मी येणार बरोबर, नको म्हणू नका."

तो नको म्हणाला नाही. आपलं ओझं आपण एकट्यानेच उचलतोय असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच घरात, चार हातांवर, ती तेच ओझं दुसऱ्या टोकाने उचलून उभी होती. फोन कानाला तसाच धरून तो रस्त्यावर, भर उजेडात रडायला लागला. जीपमधली माणसं बघायला लागली. त्यातल्या तिघांच्या जमिनी त्याने मोजल्या होत्या. "आरं, ह्ये तर मोजणीचं साहेब," कुणीतरी म्हणालं. "काय झालं साहेबास्नी?"

एवढ्याचसाठी तो तालुका ओलांडून आला होता, की हे कुणी विचारू नये. त्याने खिशात रुमाल चाचपला. पण अंबूबाई आधीच पुढे झाली होती.

"बरं न्हाई त्यास्नी," तिने सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं. "मनाचं दुकणं हाय. दवाखान्यात आलते. बगताय काय, जागा करा!"

सौमित्र थांबून राहिला. वर्षभर ज्या क्षणाला तो भीत होता तो हाच, आणि आता ह्यानंतर काय होतं ते पाहायचं होतं. जीपमध्ये थोडी कुजबुज झाली. ड्रायव्हरने तंबाखू थुंकली, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे जायची खूण केली आणि फडक्याने सीट झटकली.

"पुढं बसा साहेब," तो म्हणाला. "पुढं हादरं कमी बसत्यात."